ऐकणारी पेटी आणि दोनदा सांगणारा माणूस

बसस्थानकावरचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना पाठीमागे भोंगा म्हणत आणि तोंडावर भोंगेसाहेब. साहेबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उभ्या हयातीत जगाशी त्यांचा जो काही संबंध आला तो भोंग्यातूनच. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, बस लागली की मायक्रोफोनजवळ तोंड न्यायचं, घसा साफ करायचा आणि सांगायचं, "लक्ष द्या, लक्ष द्या." मग बस कुठली, फलाट कुठला, सुटणार कधी. मग एक श्वास घ्यायचा आणि तेच्या तेच शब्द पुन्हा. नियमच होता तसा. पहिल्यांदा सांगायचं ते माणसाने मान वर करावी म्हणून आणि दुसऱ्यांदा ते त्याला कळावं म्हणून.

पण कळत कुणाला होतं? दुसऱ्यांदा सांगून होतंय न होतंय तोच दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला एखादा इसम धापा टाकत खिडकीशी येई आणि काचेच्या भोकातून विचारी, "साहेब, आमची बस कुठे लागलीय?"

"आत्ता मी काय खांबांना सांगत होतो?"

"आवाज आला हो, शब्द नाही आले."

नोकरीभर साहेबांनी हे ऐकून घेतलं. निवृत्तीच्या दिवशी आगारप्रमुखांनी त्यांच्या खणखणीत आवाजाची तोंड भरून स्तुती केली, पण माइक नादुरुस्त असल्यामुळे ती मागच्या रांगेपर्यंत पोचली नाही. साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी ती ऐकली आणि बाकीच्यांनाही कळावी म्हणून उभं राहून पुन्हा सांगितली.

सवय नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. साहेब घरीही दोनदा बोलत. "चहा गार झालाय. चहा गार झालाय." "टॉवेल कुठाय? टॉवेल कुठाय?" त्यात राग नसे, घाईही नसे. ज्याला दुसरा भाग नाही ते वाक्य त्यांना अर्धवट वाटे, एवढंच. आणि दैवाची गंमत अशी, की बायको मिळाली ती छापखान्यात मुद्रितं तपासणारी. जुळारी चुकून एकच शब्द दोनदा जुळवतो, तो लाल पेनाने काटायचा, यासाठी बाईंना पगार मिळे. दिवसभर दुबार शब्द काटून त्या घरी येत आणि दारातच ऐकत, "आलीस का? आलीस का?" नवऱ्यावर लाल पेन चालत नाही हे लग्नानंतर लवकरच ध्यानात आल्यामुळे त्यांनी दुसरी सोय पाहिली. त्या पहिल्या वेळी हूं का चूं करीत नसत. दुसऱ्या वेळी उत्तर देत. पहिलं वाक्य त्यांच्या लेखी कच्चं मुद्रित होतं.

त्या स्वतः मात्र कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. दोनदा सांगणं हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. आणि एकदाच सांगितलेलं साहेबांच्या कानात शिरत नव्हतं, कारण काचेच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येण्याची सवय कुठून असणार? "माझा गुडघा दुखतोय," असं बाईंनी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा ते डॉक्टरांनी सांगितलं, तोवर गुडघा बदलण्यापलीकडे गेलेला नव्हता हेच नशीब.

गोष्ट सुरू होते ती इथे, बाई शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होत्या तेव्हा.

लेक परगावाहून आली होती. ती विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करते. मोडलेल्या बंपरकडे नजर टाकून मालक किती खोटं बोलतोय हे सांगणारी बाई. तिने आईच्या पायथ्याशी उभं राहून निकाल दिला, "आई माझ्याकडे येईल. घर तळमजल्यावर आहे, शेजारची खोली रिकामी आहे, आणि मला ऐकू येतं."

"आणि मी? आणि मी?" साहेब म्हणाले.

"तुम्ही बसा की निवांत. तुम्हाला कोण बोलवणार आहे?"

"म्हणजे किती दिवस?"

लेकीने खांदे उडवले. "पाय बरा होईपर्यंत. मग तिला वाटलं तर पुढेही."

हे 'पुढेही' साहेबांच्या छातीत जाऊन बसलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत, आणि न बोललेलं काटता येत नाही.

"मी करीन तिचं सगळं. मी करीन तिचं सगळं."

"बाबा, साखरेचा डबा कुठला ते सांगा," लेक म्हणाली.

साहेब विचारात पडले. घरात साखर असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"आईला घरी सोडताना गाडी घेऊनच येते मी," लेक म्हणाली. "तुमची व्यवस्था दिसली तर आई राहील. नाही दिसली तर सामान गाडीतून उतरवायचं नाही, तसेच पुढे निघू. कबूल?"

"कबूल. कबूल."

आता कुणी म्हणेल, माणसाने साखरेचा डबा शोधावा, वरण-भात नाही तर निदान पेज शिजवायला शिकावं, चादर कशी बदलतात ते एखाद्या नर्सला विचारावं. पण साहेबांचा पिंड नियंत्रण कक्षातला. काम करणारे वेगळे आणि कामाची घोषणा करणारे वेगळे, हा भेद त्यांच्या रक्तात होता. त्यांनी तडक इस्पितळाबाहेर पडून एक स्मार्ट दिवा विकत आणला. तो म्हणे सांगितल्यावर लागतो. घरी येऊन त्यांनी तो खोवला, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "लाग. लाग." दिवा ढिम्म.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. ते निवृत्त झाल्यापासून सगळ्याच गोष्टींतले जाणकार झाले होते. त्यांनी दिवा हातात घेऊन कर्जाचा अर्ज तपासावा तसा तपासला.

"असा कसा लागेल? याला हब पाहिजे."

"हब? हब?"

"मधली पेटी हो. दिवा एका कंपनीचा, पंखा दुसऱ्या, कुलूप तिसऱ्या. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. ही पेटी सगळ्यांचं ऐकते आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगते."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचा नियंत्रण कक्ष."

"तसं समजा. पण आधी पेटी ठरवायची, मग दिवे घ्यायचे. तुम्ही आधी बस रंगवून आणलीत आणि आता रस्ता शोधताय."

मॅनेजरांनी स्वतःच्या घरातला हब दाखवला. साबणाच्या वडीएवढी पांढरी वस्तू, कपाटावर गुपचूप पडलेली. इंटरनेट गेलं तरी चालते, दहा कंपन्यांची यंत्रं सांभाळते, कुठलीही माहिती घराबाहेर पाठवत नाही. वाईट काही सापडावं म्हणून साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ऐकते का?"

"ऐकायचं काय त्यात? मोबाइलवर बोट लावायचं."

"म्हणजे बहिरी आहे. म्हणजे बहिरी आहे."

"भोंगेसाहेब, शहाणा माणूस घरात मुकी-बहिरी पेटीच ठेवतो. ऐकणारी ठेवलीत तर उद्या ती सगळ्या जगाला सांगेल."

साहेबांनी मान डोलावली आणि सल्ला तिथेच सोडून खाली आले. जगाला सांगणं हा दोष आहे असं त्यांना मनापासून कधी वाटलंच नव्हतं.

दुकानात काचेच्या कपाटात हब मांडून ठेवले होते. विक्रेत्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि तोंडात अखंड माहिती. हा सर्वांत स्वस्त, पण फक्त आपल्याच कंपनीच्या दिव्यांशी बोलतो, परक्यांना दारात उभं करीत नाही. हा महाग, पण वीज गेली तरी बॅटरीवर तग धरतो. याचा पल्ला मोठा, भिंत आडवी आली तरी अडत नाही. साहेब प्रत्येकासमोर थांबून एकच प्रश्न विचारत होते, ऐकतो का. शेवटी विक्रेत्याने हात टेकले आणि कोपऱ्यातली एक गोल, काळी, कापडाने मढवलेली पेटी पुढे केली.

"ही ऐकते. मराठीही ऐकते. हिला जागं करायचा शब्द तुमच्या आवडीचा ठेवता येतो. एकदा जागी झाली की थोडा वेळ कान उघडे ठेवते, म्हणजे पुढचं पुढचं सांगत राहायचं. कुठला शब्द ठेवू?"

साहेबांना विचार करावा लागला नाही.

विक्रेत्याने तो भरला आणि पेटी त्यांच्यासमोर सरकवली. साहेबांनी घसा साफ केला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"लक्ष द्या, लक्ष द्या."

पेटीच्या कडेने निळं कडं उजळलं. आतून एक बाई अतिशय मायेने म्हणाली, "मी ऐकतेय."

साहेब काही क्षण तसेच उभे राहिले. ज्या वाक्याची माणसाने जन्मभर वाट पाहावी ते असं दुकानात, पावतीसकट मिळावं. त्यांनी ऐकण्याचा पल्ला विचारला नाही, बॅटरी विचारली नाही, इंटरनेट गेल्यावर काय हेही विचारलं नाही. विक्रेत्याने तेवढ्यात त्यांच्या पदरात दिव्यांचा संच, पंख्याचा खटका, पडद्याची मोटर आणि दाराच्या जुन्या कुलपावर बसणारं यंत्रही बांधलं. आधीचा दिवा या पेटीच्या गोतातला निघाला नाही. तो साहेबांनी खिशात घालून घरी नेला आणि विसरून गेले.

सगळं बसवायला दुकानाचा वायरमन आला. वयस्क, मितभाषी माणूस. बोलण्याचा त्याला इतका कंटाळा, की साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला तो पक्कडीने उत्तर देत असावा असं वाटे. त्याने भिंतीवरचे खटके चालू करून ठेवले आणि म्हणाला, "हे बंद करायचे नाहीत. बंद केले तर दिव्याला वीजच मिळत नाही, मग पेटी काय करणार?" साहेबांनी लगेच प्रत्येक खटक्यावर पांढरी चिकटपट्टी मारली. आता घरात बोट लावून दिवा लावायची सोयच उरली नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

मग आज्ञा ठरवायची वेळ आली. लांब वाक्यं पेटीला झेपत नव्हती. वायरमन म्हणाला, "एकेक शब्द ठेवा. दिवा म्हटलं की लागेल. लागलेला असताना दिवा म्हटलं की विझेल. पंख्याचं तेच, पडद्याचं तेच, दाराचं तेच. खटका दाबल्यासारखं."

"उत्तम. उत्तम."

वायरमनने पेटीला जागं केलं आणि म्हणाला, "दिवा." दिवा लागला. "पडदा." पडदा सरकला. "दार." कुलपाने खट्‌ आवाज केला. एकेक शब्द, एकेकदा. यापेक्षा जास्त तो बायकोशीही बोलत नसावा. साहेबांनी सही केली आणि तो पक्कड गोळा करून गेला.

तो गेल्यावर साहेब खुर्चीत ऐसपैस बसले.

"लक्ष द्या, लक्ष द्या. दिवा. दिवा."

दिवा लुकलुकला आणि विझला.

साहेबांना वाटलं, दिवा सैल बसला असेल. चढून घट्ट केला. पुन्हा तेच. मग वाटलं, हा दिवाच खराब. स्वयंपाकघरातला काढून बाहेर लावला, बाहेरचा आत. तेच. शेवटी त्यांचा संयम संपला आणि नियंत्रण कक्षातला आवाज चढला, "दिवा. दिवा. अगं, दिवा म्हणतोय ना!"

दिवा लागला आणि लागलेला राहिला.

साहेब हसले. एवढंच होतं तर. हिला दम द्यावा लागतो. बसस्थानकावरचा सफाई कामगारही असाच होता, पहिल्या दोन हाकांना ढिम्म आणि तिसरीला हजर. त्या दिवसापासून साहेब आधी शांतपणे दोनदा सांगत, मग तिसऱ्यांदा डोळे वटारून. पंखा फिरे, पडदा सरके, दार उघडे. मॅनेजर एकदा खाली डोकावले तेव्हा साहेब पडद्याला खडसावत होते.

"चालतंय का?"

"चालतं. पण धाक पाहिजे. धाक पाहिजे."

मॅनेजरांनी वर जाऊन आपल्या साबणाच्या वडीवरची धूळ पुसली.

घर तयार झालं. साखरेचा डबा तेवढा अजून सापडला नव्हता.

बाईंना घरी आणायचा दिवस उजाडला आणि मावळायलाही आला, कारण इस्पितळातून सुटका व्हायला कागदांनी संध्याकाळ केली. लेकीने ठरल्याप्रमाणे भाड्याची गाडी आणली होती. बॅग गाडीतच होती. लिफ्टमधून ती आईला चाकांच्या खुर्चीत घेऊन वर आली तेव्हा साहेब दाराच्या बाहेरच उभे होते, इस्त्री केलेल्या शर्टात. दार बंद होतं. मुद्दाम बंद केलं होतं.

"किल्ली विसरलात?" लेकीने विचारलं.

"किल्लीचा काळ गेला," साहेब म्हणाले. आज बायको घरी येत होती, आज कुणाला दम द्यायचा नव्हता. त्यांनी दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि प्रेमळ आवाजात म्हणाले, "लक्ष द्या, लक्ष द्या. दार. दार."

आत कुलूप खट्‌ करून उघडलं आणि खट्‌ करून बंद झालं.

"आतमध्ये कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. कुणी नाही. दार. दार."

खट्‌. खट्‌.

"बाबा, कुणी नाही तर तुम्ही कुणाशी बोलताय?"

लेकीने पर्समधून किल्ली काढली आणि दार उघडलं. घरात अंधार होता. तिचा हात सवयीने खटक्याकडे गेला आणि चिकटपट्टीवर अडला.

"हे काय आहे?"

"थांब, थांब. बघ तर." साहेब बायकोच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि नाटकाचा पडदा उघडावा तसा हात फिरवला. "दिवा. दिवा." खोली क्षणभर उजळली. त्या क्षणात लेकीला पेटी दिसली, बाईंना नवरा दिसला आणि मग पुन्हा कुणालाच काही दिसलं नाही. "पंखा. पंखा." पंख्याने एक गिरकी घेतली आणि हाय खाल्ली. "पडदा. पडदा." पडदा निम्म्यावर येऊन, काहीतरी विसरल्यासारखा परत गेला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते एकामागून एक शब्द बोलत सुटले आणि घर डोळे मिचकावत राहिलं.

"आई, तुला चक्कर येतेय का?" लेकीने विचारलं.

"नाही गं. हसू येतंय, पण हसले की पाय हलतो आणि टाके ओढतात."

"बाबा, हे घर आहे की सिग्नल?"

"एरवी ऐकते हो. एरवी ऐकते. तिला जरा रागवावं लागतं. तुमच्यासमोर बरं दिसत नाही म्हणून..."

"पेटीला रागवावं लागतं?"

अंधारातून बाईंचा आवाज आला. छापखान्यात चुकीवर बोट ठेवताना यायचा तसाच, सपाट. "पेटी बरोबर आहे. तुम्ही दोनदा बोलताय."

"नाही. नाही."

लेक हसली. बाई हसल्या नाहीत, टाके होते. "पहिल्याला लागतो, दुसऱ्याला विझतो. दुसरा काटा आणि बघा."

साहेब घसा साफ करून म्हणाले, "लक्ष द्या." तिथेच ते थबकले. पेटीचं निळं कडं उजळलं. "दिवा."

दिवा लागला.

तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. साहेबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. जबड्याजवळ काहीतरी हालत होतं, दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाने दार ढकलावं तसं. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी मान हलवून 'नको' म्हटलंही. पण इतक्या वर्षांचं वळण. समाधानाने फुगलेल्या छातीतून तो शब्द आपोआप बाहेर पडला.

"दिवा."

अंधार झाला.

लेकीने मोबाइलचा उजेड लावला. त्या उजेडात तिचा पाहणीचा चेहरा दिसत होता. "बाबा, मी गाडी सोडलेली नाही. बॅगही वर आणलेली नाही. तुम्ही केलंत ते सगळं पाहिलं. छान आहे. पण रात्री आईला उठवून बसवायचं कुणी, या पेटीने? औषध कुणी द्यायचं? तिचा पाय कुठल्या उशीवर ठेवायचा ते ठाऊक आहे तुम्हाला?"

साहेबांनी उशीसाठी इकडेतिकडे पाहिलं.

"आई, निघू या?"

बाई नवऱ्याकडे बघत होत्या. लेकीने खुर्ची वळवायला घेतली. एक चाक चटईत अडकलं, ते सोडवायला ती खाली वाकली.

साहेबांना सुटणारी प्रत्येक गाडी ठाऊक होती. सुटणार आहे, सुटत आहे, सुटली आहे, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. आजवर त्यांनी एकाही प्रवाशाला थांब म्हटलं नव्हतं. तशी घोषणाच नव्हती. घसा साफ करायचं राहून गेलं आणि जो आवाज निघाला तो भोंग्याचा नव्हता. त्याला खरखर होती, जोर नव्हता, आणि तो कुठल्याही फलाटापर्यंत पोचला नसता.

"जाऊ नकोस."

एवढंच. त्यांनी ओठ मिटले आणि या वेळी ते मिटलेलेच राहिले.

पेटीचे कान अजून उघडे होते. निळं कडं उजळलं आणि ती अतिशय मायेने म्हणाली, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

जन्मभर खिडकीशी आलेल्या प्रत्येकाने त्यांना हेच म्हटलं होतं आणि प्रत्येकाला त्यांनी, चिडत का होईना, पुन्हा सांगितलं होतं. साहेब पेटीकडे वळले.

"तुला नव्हतं सांगितलं."

लेक वाकलेलीच राहिली. खुर्चीतून बाई म्हणाल्या, "मला ऐकू आलं."

खाली गाडीवाल्याने एकदा हॉर्न वाजवून पाहिला. मग बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि हळूच, नेहमीसारखं एकदाच म्हणाल्या, "पाणी हवंय."

साहेबांची मान सवयीने पेटीकडे वळली. तिला पाणी हा शब्द शिकवलेला नव्हता. ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग आपल्याला काहीतरी ऐकू आलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते अंधारातच स्वयंपाकघराकडे निघाले. वाटेत स्टुलावर आपटले, पण ब्र काढला नाही.

लेकीने आईकडे पाहिलं. "म्हणजे? एवढ्यावर?"

"पाणी येईपर्यंत तरी थांब," बाई म्हणाल्या.

"आई, त्यांना काहीही येत नाही."

"ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

लेकीने सुस्कारा टाकला. "गाडीवाल्याला सांगते जायला. पण आठवडाभर मी इथून हलणार नाही. पाहणी संपलेली नाही माझी. आणि ती पेटी उद्या दुकानात परत जाईल."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "त्यांना ऐकायला कुणीतरी लागतं. दिवसभर मला जमायचं नाही."

स्वयंपाकघरात साहेब भिंत चाचपत होते. खटका सापडला, त्यावरची स्वतःच मारलेली पट्टी नखाने खरवडून काढली. खटका आधीच चालू होता, दिवा मात्र बंद. त्यांनी खटका खाली केला. काही झालं नाही. वर केला, आणि दिवा लागला. दोनदा दाबावा लागला, तेव्हा कुठे लागला. साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. घरात कुणीतरी आपल्या पद्धतीचं निघालं होतं.

ओट्यावर, समोरच, काचेच्या बरणीत साखर होती. हीच ती. इतके दिवस तिच्यासमोर उभं राहून त्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला होता. त्यांनी फडताळं उघडली, बंद केली. मग बाहेरच्या खोलीच्या दिशेने मान वळवली.

"ग्लास कुठे आहेत?"

बाहेर सगळं शांत होतं. बाई वाट बघत होत्या.

"ग्लास कुठे आहेत?"

"डावीकडे, खालच्या फळीवर," बाई म्हणाल्या.